मुदतवाढीला माझा विरोध होता

रखडलेल्या गृहप्रकल्पाला मुदतवाढ द्यायची नाही, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. परवानगीची मुदत संपली आणि घर उभं राहिलं नाही, तर परवानगी रद्द करा, बिल्डरला कोर्टात खेचा, आमचे पैसे व्याजासकट परत द्या. यापलीकडे या विषयात बोलण्यासारखं काही असेल असं मला वाटतच नव्हतं. मुदतवाढ मागणारा बिल्डर लबाड आणि ती देणारा अधिकारी मिंधा. आणि आमच्यासारख्याच एखाद्या फ्लॅटवाल्याने 'देऊन टाकू या मुदतवाढ' म्हटलं, की तो बिल्डरचा माणूस. हे शेवटचं मी मनात ठेवलं नाही. एका वयस्कर माणसाला मी सगळ्यांसमोर तसं म्हटलं. हे लिहायला बसले त्याचं खरं कारण तेच आहे.

मी मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर आहे. कामाचं वेळापत्रक आखायचं, साइटवर प्रत्यक्ष काय झालं ते त्यात दर आठवड्याला भरायचं, आणि काम लांबलं की क्लायंटकडे मुदतवाढीचा दावा करायचा, ही माझी नोकरी. इथे त्याला सगळे 'ईओटी' म्हणतात. 'ईओटी टाकली का?' हा प्रश्न आमच्या ऑफिसात चहाइतकाच नेमाने विचारला जातो. म्हणजे दिवसभर मी कंत्राटदाराच्या बाजूने मुदतवाढ मागत होते, आणि रात्री घरी येऊन आमच्या फ्लॅटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुदतवाढीविरुद्ध लिहीत होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात हे मला सुचलंही नाही. का सुचलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मला आवडत नाही. ऑफिसातल्या मुदतवाढीवर माझा पगार चालत होता, आणि तिकडच्या मुदतवाढीत माझे पैसे अडकत होते.

फ्लॅट आम्ही 2015 मध्ये घेतला. कल्याणच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर. ओमानमध्ये राहणाऱ्या भारतीय माणसाचं घराचं गणित वेगळं असतं. इथे 2006 च्या राजाज्ञेनंतर परदेशी माणसाला मालकीचं घर घेता येतं, पण ते ठरावीक पर्यटन संकुलांत, आणि तिथले भाव आमच्यासारख्या पगारदाराला पेलणारे नाहीत. 2020 मध्ये मस्कतच्या काही भागांत 99 वर्षांच्या वापरहक्कावर फ्लॅट घेण्याची सोय झाली, तोवर आमचा पैसा केव्हाच कर्जतच्या वाटेला लागला होता. शिवाय नोकरी आहे तोवर व्हिसा, आणि व्हिसा आहे तोवर मुक्काम. त्यामुळे रुवीतल्या एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहून तिकडे हप्ता पाठवायचा, स्लॅब पडला की पुढचा पाठवायचा, हेच आमचं भविष्य. त्या घराच्या चाव्या हातात पडल्या की इथून कुणी कधीही जा म्हटलं तरी चालेल, असं मी आणि नवरा एकमेकांना सांगत असू.

करारात ताब्याची तारीख होती डिसेंबर 2018. मधेच, 1 मे 2017 पासून महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचं राज्याचं गृहप्रकल्प प्राधिकरण, आलं आणि चालू प्रकल्पांची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी करताना बिल्डरने पूर्णत्वाची तारीख टाकली 31 डिसेंबर 2019. आम्हाला विचारलं नव्हतं. पुढे रेरा कायद्याच्या कलम 6 खाली त्याला एक वर्ष मिळालं. मग कोविड आला. केंद्राने मे 2020 मध्ये सांगितलं की ही दैवी आपत्ती समजा, आणि महारेराने 15 मार्च 2020 नंतर मुदत संपणाऱ्या सगळ्या प्रकल्पांना सहा महिने सरसकट दिले. दुसऱ्या लाटेनंतर ऑगस्ट 2021 मध्ये आणखी सहा महिने. त्या वर्षाच्या सुरुवातीला राज्य सरकारने बांधकाम प्रीमियममध्ये 50 टक्के सवलतही जाहीर केली होती. बातमी वाचून माझा तिळपापड झाला. आमच्या हप्त्यात कोणी सवलत दिली होती?

आमच्या प्रकल्पात दोन इमारती, पण महारेराची नोंदणी एकच. ए विंगचे सात स्लॅब झालेले, भिंतीही बऱ्याचशा उभ्या. बी विंगची प्लिंथसुद्धा पूर्ण नव्हती. पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलेलं, लोखंडाच्या सळ्या गंजून तांबड्या झालेल्या. आमचा फ्लॅट बी विंगमध्ये. ती विंग नंतर विक्रीला आली होती, आणि आखाती देशांतून पैसे पाठवणारे आम्ही बहुतेक सगळे तिच्यातच होतो.

2021 च्या सप्टेंबरअखेर बिल्डरचं पत्र आलं. डिसेंबरनंतर पुढची मुदतवाढ हवी होती, आणि आता महारेराच्या नियमाप्रमाणे 51 टक्के ग्राहकांची संमती लागणार होती. सोबत संमतीपत्राचा छापील नमुना, खाली सही करून स्कॅन पाठवायची. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला आमची गरज पडली होती. माझ्या हातात पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं, आणि ते मला वापरायचं होतं. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. कोणीही सही करायची नाही. नोंदणीची मुदत संपू दे. मग कलम 8 आहे. उरलेलं बांधकाम पूर्ण करण्याचा पहिला हक्क ग्राहकांच्या संघटनेला मिळतो. आपण संघटना करू, आपणच बांधू. मस्कत, दोहा, शारजा इथल्या सगळ्यांनी अंगठे वर केले.

त्यावर ए विंगमधल्या एका काकांनी लिहिलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, अंबरनाथला भाड्याने राहणारे. त्यांचं मराठी टायपिंग तुटक, वाक्यं छोटी. मुदतवाढ देऊ या, ए विंग निदान उभी आहे, ती तरी पुरी होऊ दे, बंद पडलं तर आमचं काय. एवढंच. मी लगेच उत्तर दिलं: 'काका, बिल्डरने तुम्हाला किती दिले?'

त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन-तीन जणांनी माझ्या वाक्यावर हसण्याची चिन्हं टाकली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

त्याच आठवड्यात शाहीन चक्रीवादळ आलं. बंगालच्या उपसागरात उठलेलं 'गुलाब' आंध्रातून आत शिरलं, त्याने मराठवाड्यात नद्यांना पूर आणले, मग त्याचे अवशेष अरबी समुद्रात उतरले, तिथे ते पुन्हा जोर धरून 'शाहीन' झालं आणि 3 ऑक्टोबर 2021 ला ओमानच्या बातिना किनाऱ्यावर धडकलं. आधी आईकडून मांजरा नदीकाठच्या नातेवाइकांचे हाल ऐकले, आणि आठवडाभरात तेच वादळ आमच्या दाराशी. उत्तर किनाऱ्यावर एवढं वादळ शंभरपेक्षा जास्त वर्षांत आलं नव्हतं. खाबूराला दोन-तीन वर्षांचा पाऊस एका रात्रीत पडला. माणसं गेली, रस्ते वाहून गेले, खजुराच्या बागा चिखलात आडव्या झाल्या.

सुवैकच्या अलीकडे आमच्या कंपनीचं घरांचं एक काम चालू होतं. रस्ता खुला झाल्यावर मी साइटवर गेले तेव्हा नव्या भिंतींवर गुडघ्याच्या वर चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती, एका घरातून दुसऱ्या घरात गेलं तरी त्याच उंचीवर. सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले होते. मुदतवाढीचा दावा करायला याहून बळकट कारण कोणतं? आमच्या मॅनेजरने सांगितलं, सगळं यातच घाल. मी घातलं. टाइल्सची ऑर्डर उशिरा गेली होती, ते घातलं. 2020 मध्ये गावी गेलेले गवंडी परत आले नव्हते, ते घातलं. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम बंद असतं, ते तासही घातले. सगळं वादळाच्या नावावर. फोटो जोडले, फाइल जाडजूड केली आणि पाठवली.

क्लायंटच्या कंसल्टंटकडे एक ओमानी इंजिनियर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझी फाइल, आणि शेजारी आमच्याच साइटची रोजची डायरी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: वादळाच्या आदल्या आठवड्यात तुमचे गवंडी कुठे होते? मी काहीतरी सांगायला लागले. त्यांनी डायरीतलं पान माझ्याकडे वळवलं. त्या आठवड्यात प्लास्टरला जेवढी माणसं लावायची ठरली होती, त्याच्या निम्मीही नव्हती. आकडा माझ्याच हाताने भरलेला होता.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर उभे तीन रकाने आखले. पहिल्यात वादळ: पाणी ओसरेपर्यंतचे दिवस, रस्ता बंद होता ते दिवस, भिजलेलं काम तोडून पुन्हा करायला लागणारे दिवस. दुसऱ्यात आमचा स्वतःचा उशीर: टाइल्स, गवंडी. तिसऱ्यात जे दर वर्षी येतं आणि ज्याची कल्पना कंत्राट घेतानाच असते. दुपारची सुट्टी त्यांनी तिसऱ्यात टाकली. 'जून दर वर्षी येतो,' त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पहिल्या रकान्याची त्यांनी पूर्ण मुदतवाढ दिली, एकही दिवस कापला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याची दिली नाही. तिथे दंड लागेल असं सांगितलं.

मी विचारलं, तुम्ही सगळाच दावा फेटाळू शकला असता, फाइलमध्ये इतकी घुसडाघुसड होती. त्या म्हणाल्या, फेटाळला असता तर तुमची कंपनी कोर्टात गेली असती, काम थांबलं असतं, आणि ज्यांच्यासाठी ही घरं आहेत ते लोक नातेवाइकांच्या घरी राहताहेत.

परत येताना सवादीचा फाटा लागतो. त्या किनाऱ्यावर एक अख्खं शहर होणार होतं, अल मदिना अल झर्का, निळं शहर. 34 चौरस किलोमीटर, 2 लाख लोकवस्ती. 2006 मध्ये त्यासाठी 92.5 कोटी डॉलरचे रोखे विकले गेले. भागीदारांत भांडणं झाली, 2008 ची मंदी आली, काम थंडावलं. पुढे ओमान इन्व्हेस्टमेंट फंडाने ते रोखे विकत घेतले. रोखेधारकांचा प्रश्न सुटला. शहर उभं राहिलं नाही. त्या रस्त्याने मी आधीही अनेकदा गेले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की हिशेब पुरा होणं आणि घर पुरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी आमच्या ग्रुपवर इतके दिवस फक्त पहिलीची मागणी करत होते. व्याजासकट पैसे परत. ते मला चाललं असतं. मी मस्कतमध्ये कंपनीच्या घरात राहत होते.

त्या रात्री बिल्डरचा मुदतवाढीचा अर्ज मी पहिल्यांदा नीट वाचला. आधी मी फक्त पत्र वाचलं होतं आणि संतापले होते. अर्ज, त्याच्यासोबतची आर्किटेक्टची, इंजिनियरची आणि सीएची प्रमाणपत्रं, सगळं महारेराच्या संकेतस्थळावर पडलेलं असतं, कोणीही उघडू शकतं. रोज दुसऱ्यांच्या फाइली चाळणाऱ्या मला, माझ्या स्वतःच्या घराची फाइल चाळावीशी वाटली नव्हती. न वाचताच मी निकाल दिला होता, आणि इतरांकडून त्याच निकालावर अंगठे उठवले होते.

मी कागद घेतला आणि तीन रकाने आखले. अर्जातली कारणं एकेक करून भरली. लॉकडाऊन, मजूर गावी गेले: खरं होतं, पण त्याचे सहा अधिक सहा महिने मिळून चुकले होते, तेच पुन्हा मागितले होते. जुलै 2019 चा उल्हास नदीचा पूर, ज्यात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती: पूर खरा, पण आमची साइट उंचावर आहे. 'सततचा पावसाळा' असंही एक कारण होतं. ते मी तिसऱ्या रकान्यात टाकलं. बँकेचा वित्तपुरवठा थांबला, हे दुसऱ्यात. आणि पहिल्या रकान्यात एक गोष्ट राहिली, जी मला माहीतच नव्हती: जलवाहिनीसाठी रस्ता बदलल्यामुळे बी विंगचा नकाशा सुधारून घ्यावा लागला होता. त्यात बिल्डरचा काही दोष नव्हता.

मग मी मुदत संपू दिली तर काय होईल ते शोधायला बसले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 48. बांधकाम परवानगी एक वर्ष चालते, दर वर्षी वाढवून घ्यायची, आणि ही वाढ तीन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही. त्या काळात प्लिंथपर्यंतही काम झालं नसेल तर परवानगी नव्याने काढावी लागते. बी विंगची प्लिंथ अर्धवट होती. नव्याने परवानगी म्हणजे डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे नवा नकाशा, नवं शुल्क, बदललेल्या आराखड्याला पुन्हा दोन तृतीयांश ग्राहकांची संमती. तोवर गृहकर्जाचे हप्ते बँक सोडणार नाही. आणि नोंदणीची मुदत संपली की नवा फ्लॅट विकता येत नाही, म्हणजे उरलेल्या विक्रीतून जे बांधकाम व्हायचं तेही नाही. ए विंगचा प्लिंथचा प्रश्न नव्हता, पण नोंदणी एकच, बँक खातं एकच. बी विंगला शिक्षा द्यायला निघालेली मी ए विंगचे सात मजले तिच्यासोबत बांधून बुडवत होते.

आणि माझं ते 'आपणच बांधू'. संघटनेने ताबा घेतला तर उरलेला खर्च सभासदांनी वर्गणी काढून भरायचा. माझे पैसे स्लॅबप्रमाणे जायचे, आणि बी विंगला स्लॅबच नव्हते, त्यामुळे मी थोडेच भरले होते. वर्गणी मला जमली असती. ए विंगवाल्यांनी जवळजवळ सगळे भरले होते.

मी काकांना फोन केला. माफी मागायला केला होता, पण तोंडातून शब्द निघेना, म्हणून मी विचारलं, तुम्ही किती भरलेत. ते म्हणाले, शेवटचा हप्ता आणि नोंदणीचे सोडून सगळे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यातच घातली. भाडं पेन्शनमधून जात नाही, ते मुलगा देतो. एसटीचे पगार त्या वर्षी वेळेवर होत नव्हते आणि मुलगाही एसटीतच होता. महिनाभरातच तो संप सुरू झाला, जो पुढे पाच-सहा महिने चालला. हे सगळं ते तक्रार केल्यासारखं बोलत नव्हते. मग म्हणाले, 'ताई, तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मीही रागावलोय. पण तुम्ही रागावून थांबू शकता.'

या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. मी स्वतःला न्यायाच्या बाजूची समजत होते. खरं तर मला कुणालातरी शिक्षा झालेली पाहायची होती, आणि ती शिक्षा भोगायला मी कंडक्टरच्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला पुढे केलं होतं. वर त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आळ घेतला होता. बिल्डरने माझी फसवणूक केली म्हणून मला दुसऱ्यांच्या वतीने कठोर होण्याचा हक्क मिळत नव्हता.

माफी मी नंतर ग्रुपवर मागितली, जिथे ते वाक्य लिहिलं होतं तिथेच. हसण्याची चिन्हं टाकणाऱ्यांपैकी कुणीच काही लिहिलं नाही.

पण मत बदललं म्हणून मी ते छापील संमतीपत्र सही करून पाठवलं नाही. त्यात शेवटून दुसरी ओळ होती: 'सदर मुदतवाढीच्या कालावधीकरिता कोणतीही नुकसानभरपाई अथवा व्याज मागणार नाही.' माझी जुनी भीती हीच होती, मुदतवाढ दिली की आपला हक्क गेला. कल्याणच्या एका वकिलांनी समजावलं की तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात रेरा कायदा वैध ठरवला, त्यातच हे आहे: नोंदणीत बिल्डर नवी तारीख देऊ शकतो, पण कलम 18 खालचं व्याज मोजायचं ते करारातल्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2020 मध्ये इंपीरिया स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात सांगितलं की प्रकल्पाची नोंदणी अजून चालू आहे म्हणून ग्राहकाला पैसे परत मागायला थांबायची गरज नाही. प्राधिकरण मुदत वाढवतं ती प्रकल्पाची. माझ्या करारातली डिसेंबर 2018 तशीच राहते, जोवर मी स्वतः ती ओळ सही करून सोडून देत नाही. कोविडच्या महिन्यांचं व्याज मात्र महारेराच्या आदेशाने वगळलेलं होतं, ते आम्ही मान्य केलं.

ती ओळ आम्ही खोडली. काकांनी ए विंगमध्ये घरोघर फिरून, म्हणजे जे जिथे भाड्याने राहत होते तिथे जाऊन, प्रत्येकाकडून ती पेनाने खोडून घेतली आणि शेजारी सही करून घेतली. आमच्या अटी जोडल्या: दोन्ही विंगना वेगळ्या तारखा, ए विंग आधी, ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के ज्या स्वतंत्र खात्यात ठेवायचे असतात त्याचा तिमाही हिशेब आम्हाला, बी विंगची प्लिंथ ठरलेल्या महिन्यापर्यंत. ओमाननेही 2018 च्या राजाज्ञेने एस्क्रो खात्याचा असाच कायदा केला आहे, आणि त्या खात्यातून पैसे कोणत्या कागदावर सुटतात हे मला ऑफिसात रोज पाहावं लागतं. ते ज्ञान इतकी वर्षं माझ्या घराच्या कामी मी आणलंच नव्हतं.

बिल्डरने अटींवर दोन महिने घालवले, मग मान्य केल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. हिशेब दोनदा अर्धवट आला. शारजाच्या एका कुटुंबाने संमती दिली नाही, पैसे परत मागितले, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांना घर नकोच होतं. पण ए विंगला 2023 मध्ये भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आणि काका राहायला गेले.

डिसेंबर 2024 मध्ये महारेराने मुदत उलटून गेलेल्या 10,773 प्रकल्पांना नोटिसा काढल्या. उत्तर दिलं नाही तर नोंदणी रद्द, खाती गोठवणार, दुय्यम निबंधकाकडे व्यवहार बंद. पूर्वीची मी असते तर ही बातमी सगळ्यांना पाठवून 'शेवटी न्याय' असं लिहिलं असतं. आता वाचताना मी प्रकल्प मोजत नव्हते, त्यांच्यात पैसे भरून भाड्याने राहणारी माणसं मोजत होते, आणि ते जमत नव्हतं. नोटीस काढणं योग्यच होतं. ज्यांनी मुदतवाढ मागण्याइतकीही तसदी घेतली नाही, त्यांना विचारायलाच हवं. पण विचारल्यानंतर प्रत्येक प्रकल्पाचे तीन रकाने कोणीतरी बसून भरायला हवेत, आणि ते काम एकट्या प्राधिकरणाच्या गळ्यात टाकून चालणार नाही. ते आम्ही फ्लॅटवाल्यांनीही करायचं आहे.

बी विंग आता पाचव्या स्लॅबवर आहे. तिच्यासाठी बिल्डरने पुन्हा एक वर्ष मागितलं. कारणांत लिफ्टचा पुरवठादार बदलला, असं होतं; लिफ्टची ऑर्डरच उशिरा गेली होती, ते हिशेबातून दिसत होतं. काकांचा बी विंगशी काही संबंध नाही, तरी ते संध्याकाळी जाऊन किती माणसं कामावर आहेत ते पाहतात आणि मला आकडा कळवतात. तो मी वेळापत्रकात भरते. आम्ही सात महिन्यांना संमती दिली. उरलेल्या पाच महिन्यांना लेखी नकार कळवला, कारणांसह, आणि डिसेंबर 2018 पासूनच्या व्याजाचा माझा अर्ज महारेराकडे वेगळा दाखल केला.